डावा दिवा, शंभर टक्के

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाने आपण धावायला लायक आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावे, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. माणसांना तो लागू नाही, याबद्दल माणसांनी कृतज्ञ राहावे.

या नियमाला मान देऊन तराजूकाका आपली गाडी पासिंगसाठी वाहन तपासणी केंद्रावर घेऊन गेले. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात दुकानदारांच्या तराजूंवर डोळा ठेवण्यात गेली, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर तराजू सुटले, पण डोळा सुटला नाही. आता ते मोबाइलवरून न्हाव्याला, चष्मेवाल्याला, छत्री दुरुस्त करणाऱ्याला तारे देत. पाचपैकी पाच तारे त्यांनी अजून कुणालाही दिले नव्हते, सख्ख्या नातवाच्या शाळेलाही नाही.

त्यांच्या गाडीला गल्लीत सगळे पिटुकली म्हणत. ती बनवणारी कंपनी मूळची लोखंडी कपाटांची. सवय जात नाही म्हणतात तसे झाले, आणि गाडीला दार दिले ते एकच, तेही पुढच्या बाजूला, कपाटासारखे उघडणारे. लोक हसले. कंपनी मुकाट्याने कपाटांकडे परतली. बाहेर पडलेल्या मोजक्या गाड्यांपैकी आता सगळ्या देशात चालती अशी ही एकच उरली होती.

लोकांना ती गंमत वाटे, पण काकूंचा सगळा संसार तिच्यावर फिरत होता. काकूंच्या गुडघ्याने वाकायला साफ नकार दिला होता. शेजाऱ्यांच्या मोठ्या गाडीत त्यांना एकदा बसवून पाहिले, तेव्हा अर्ध्या आत गेल्या आणि मग आतही जाईनात, बाहेरही येईनात. पिटुकलीचे मात्र कापडी छप्पर मागे सारले, की उभ्यानेच आत शिरायचे, वळायचे आणि बसायचे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक नामांकित फिजिओ होते, हजारो ताऱ्यांचे धनी. त्यांच्याकडे काकू आठवड्यातून दोनदा जात, त्या पिटुकलीच्याच जिवावर. पायात थोडी जान येऊ लागली होती. पिटुकली थांबली असती तर काकूही थांबल्या असत्या.

केंद्रावरचा तपासनीस भला माणूस होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, संगणकाकडे पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, तुमचं मॉडेल लाल गटात आहे हो."

"म्हणजे?"

तपासनिसाने पडदा त्यांच्याकडे वळवला. नागरिकांनी सावध व्हावे म्हणून खात्याने यंदापासून प्रत्येक मॉडेलचा निकाल आणि नेहमीचे दोष जाहीर केले होते. मोठमोठ्या खपाच्या गाड्यांत कुणाचे ब्रेक लागत नव्हते, कुणाचे चाक वाटेत निरोप घेत होते. पण नापासांचे प्रमाण शेकड्यात दहाबारा, म्हणून त्या सगळ्या हिरव्या गटात होत्या. पिटुकलीच्या नावापुढे लिहिले होते: नापास, शंभर टक्के. नेहमीचा दोष, डाव्या दिव्याचा बल्ब.

काकांना आठवले. गेल्या वर्षी केंद्राच्या दारातच बल्ब उडाला होता. त्यांनी तिथल्या तिथे नवा बसवून गाडी पुन्हा दाखवली होती.

"अहो, पण तपासलेल्या गाड्या किती? एक! आणि ती माझीच!"

"तेच म्हणतोय मी," तपासनीस हळहळला. "एकही सुटली नाही."

लाल गटाची तपासणी विशेष असते. पिटुकलीला पट्ट्यावर पळवले, खड्ड्यावर उभे करून तिच्या पोटाखाली बॅटऱ्या मारल्या. ब्रेक उत्तम होते आणि धुराचे तर नाव नव्हते. डावा दिवा तर असा लखलखला, की तपासनिसाने डोळ्यांवर हात धरला. मग तो हात त्याने कपाळाला लावला.

"आता हो काय झालं?" काकांनी विचारले.

"दोष सापडत नाही ना."

"मग पास करा!"

"असं कसं? या मॉडेलचा नेहमीचा दोष कुठला ते वर दिलंय. तो सापडला, दूर केला, असं भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. नाही सापडला तर माझी तपासणी अपुरी." त्याने बल्ब काढून कानाशी हलवून पाहिला, पुन्हा लावला. दिवा निर्लज्जपणे लागला.

प्रकरण मोठ्या मॅडमकडे गेले. मॅडमच्या टेबलावर पेला होता, पेल्यावर झाकण होते आणि झाकणावर पेपरवेट होता; धोका पत्करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

"दोनच शक्यता दिसतात," त्या म्हणाल्या. "एक, गाडी याच मॉडेलची आहे आणि मालकाने दोष दडवलाय. दोन, गाडीत दोष नाहीच. म्हणजे ती या मॉडेलची नाही. म्हणजे कागदपत्रं खोटी. मग गाडी जप्त करावी लागेल."

"आणि तिसरी? की गाडी चांगली आहे?"

"तसा रकाना नाही," मॅडम मृदूपणे म्हणाल्या. "काका, शितावरून भाताची परीक्षा करायची असते. सगळा भात कोण चिवडत बसणार?"

"मॅडम, इथे सगळ्या पातेल्यात शीतच एक आहे!"

"मग तर परीक्षा अगदी पक्की झाली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेल्यावरचा पेपरवेट उचलला. भेट संपली होती.

आदेश निघाला. फेरतपासणीपर्यंत पिटुकली रस्त्यावर चालवण्यास धोकादायक असून, तिने फक्त फेरतपासणीला येण्यापुरते रस्त्यावर चालावे. फेरतपासणीतही दोष आढळला नाही, तर गाडी भंगारात काढण्याची शिफारस करण्यात येईल.

घरी आल्यावर काकांनी दोन्ही हातांनी डोके धरले. काकू पलंगाच्या कडेला बसून पाय उचलण्याचा व्यायाम करत होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि पाय खाली ठेवला. त्या घाबरल्या होत्या, ते त्यांच्या आवाजावरून कळत होते.

"म्हणजे माझं येणंजाणं संपलंच म्हणा की."

"संपतंय कसं! मी वरपर्यंत जाईन."

"वर जाऊ नका, माळ्यावर जा. तुम्ही आयुष्यात कधी काही टाकलंय का? गेल्या वर्षीचा उडालेला बल्ब बिस्किटांच्या डब्यात असेल बघा. त्यांना दोष हवाय ना? द्या की."

"अगं, खोटी वजनं ठेवणाऱ्यांना मी दंड ठोकलेत! मी खोटा बल्ब लावू?"

"बल्ब खरा आहे. उडालाय तोही खराच," काकू म्हणाल्या. "आणि अहो, तुमच्या तत्त्वात बसून मला फिजिओकडे जाता येत नाही. ते उघडतं कुठून हेच मला कधी कळलं नाही."

काका माळ्यावर चढले.

फेरतपासणीच्या दिवशी तपासनीस काळजीने वाळल्यासारखा दिसत होता. त्याने कळ दाबली. उजवा दिवा लागला, डावा अंधारातच राहिला. तपासनिसाने पुन्हा दाबली. मग त्याचा चेहरा असा उजळला, की डाव्या दिव्याची उणीव कुणाला भासली नाही.

"सापडला! मॅडम, सापडला!"

मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी वाकून अंधाऱ्या दिव्याकडे पाहिले. "बघा काका, उगाच वाद घालत होतात. यंत्रणा चुकत नसते." त्यांच्या देखत काकांनी खिशातून चांगला बल्ब काढून लावला. दोष सापडला, दोष दूर झाला, संगणक पुढे सरकला. पिटुकली पास झाली. लाल गटातून मात्र ती सुटली नाही, उलट तिथली तिची जागा आणखी पक्की झाली. आता दर वर्षी तेच करायचे होते. निघताना तपासनीस गाडीच्या दाराशी आला आणि कुजबुजला, "काका, तो जुना बल्ब जपून ठेवा हं."

दुसऱ्याच दिवशी काकूंना घेऊन काका शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाले. वारा छान होता. काका रंगात आले होते.

"काय अक्कल एकेकाची! एक गाडी, एक बल्ब, आणि म्हणे शंभर टक्के नापास! आकडा किती लोकांवरून काढला हे बघायला नको?"

गल्ली संपता संपता कोपऱ्यावरच्या घराशी एक रंगारी शिडीवर उभा होता आणि भिंतीवरची पाटी पुसत होता. तिथे एका तरुण फिजिओबाईचा दवाखाना होता. काकूंनी मान वळवून पाहिले.

"बाई गाव सोडून चालली म्हणे. कोणी येतच नाही बिचारीकडे. अहो, इतक्या जवळ होती, मी चालतसुद्धा आले असते. तुम्ही मला इथे का नाही आणलंत कधी?"

"हिच्याकडे? मी मोबाइलवर बघितलंय ना. एक तारा! शंभर टक्के लोक नाखूश आहेत."

"किती लोक?"

पुढे रस्ता मोकळा होता, तरी काकांनी हॉर्न वाजवला.

"किती लोक, हो?"

"एक."

"आणि काय म्हणणं होतं त्या एकाचं?"

"बाहेरच्या बाकाचा पाय डुगडुगतो," काका अगदी हळू म्हणाले.

काकूंनी स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी धरून जरा सरळ केला आणि विचारले, "त्या बाकावर तुम्ही कधी बसला होतात?"

पिटुकलीचे दोन्ही दिवे भर उन्हात चालू राहिले होते. काकांनी ते बंद केले.

गोष्ट इथे संपली. आवडली नसेल तर खुशाल चारचौघांत सांगा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त सांगणारे तुम्ही पहिलेच असाल तर जरा जपून. शंभर टक्के तुम्हीच आहात.