दत्तारामभाऊंचा कुंबा

कोपरीत आमच्या चाळीसमोर पाणी साचायचं, त्या जागेला सगळे खड्डा म्हणायचे. शेजारचे दत्तारामभाऊ कोळी तेवढे म्हणायचे, "मास्तर, कुंब्यातून जाऊ नका, पँट भिजंल."

हा शब्द कुठला, असं मी एकदाच विचारलं आणि माझा अख्खा रविवार गेला. भाऊ पोस्टात सॉर्टिंगला. परदेशी पाकिटांवरची गावांची नावं वाचून त्यांना हे वेड लागलं होतं. दरीला वेल्समध्ये कूम म्हणतात, ब्रिटनीत कॉम, आयर्लंडात कोम. या तिघी बहिणी. त्यांच्या तोंडवळ्यावरून विद्वानांनी त्यांची मेलेली आई, म्हणजे मूळ शब्द, उभी केली, ती कुंबा. ती कोणी ऐकलेली नाही, म्हणून लिहिताना तिच्याआधी * असा तारा काढतात. भाऊ तो बोलतानाही हवेत काढायचे. भाजीवालीला वाटायचं, माशा हाकलताहेत.

"ऐकलेलं नाय, पण व्हतं," हे त्यांचं पालुपद.

भाऊ एकटेच राहायचे. त्यामुळे मे महिन्यात एका भरदुपारी भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, तेव्हा माझा घास हातातच राहिला. "आलास क रं, बाला?" दुसऱ्या दिवशी तेच शब्द, आवाज घोगरा. तिसऱ्या दिवशी कापरा. चौथ्या दिवशीचा आवाज मात्र बाईचाही वाटेना आणि भाऊंचाही.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. म्हणून मी बायकोला पुढे केलं.

भाऊ टेपरेकॉर्डरसमोर बसले होते. शेजारी तीन कॅसेटी: दिव्याला दिलेली मावशी, मोहन्याला दिलेली मावशी आणि गेल्याच आठवड्यात वारलेली थोरली. भाऊंची आई त्यांच्याच बाळंतपणात गेली होती. तिचा आवाज कसा होता, ते कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी तिन्ही मावश्यांकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं. तिघींत जे सारखं, ते आईचं, असं धरून चार दिवस आवाज घोटला आणि आज ती हाक चौथ्या कॅसेटवर भरली.

"मग ऐका की," बायको म्हणाली.

"धीर व्हत नाय, वहिनी. आमच्यात पयल्या हाकेला ओ देत नायत. मेलेलं मानूस एकदाच हाक मारतं. जित्तं असंल तर परत मारंल."

"मग दोनदा भरायची."

"ते खोटं झालं असतं."

बायकोनं बटण दाबलं. फीत खरखरली. मग त्या तापलेल्या खोलीत कोणीतरी विचारलं, "आलास क रं, बाला?"

फीत नुसतीच फिरत राहिली. दुसरी हाक येणार नव्हती, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

बावन्न वर्षांचे भाऊ उठून उभे राहिले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, "ओ, आये."