बाबारावजींचा रोमन सम्राट

आमच्या शेजारच्या बाबारावजींकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला पाणी मिळण्याआधी सम्राटाचं दर्शन घ्यावं लागतं. ते आतून मखमली डबी आणतात, खाकरतात आणि पुकारतात, "रोमहून समुद्रमार्गे हिंगणघाटले येणारे सम्राट तिबेरियस आपल्या हातात येऊन राह्यले हायेत! सर्वांनी हात पुसून घ्यावे!"

आवाज एसटीचा. जाम गावच्या एसटी थांब्यावर त्यांनी उभी हयात गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर नागपूरच्या एका प्रदर्शनातून हे रोमन चांदीचं नाणं आणलं आणि राजा घरचाच झाला. "आमचा तिबेर," म्हणतात. नखाएवढं नाणं, त्यावर पानांचा मुकुट घातलेलं डोकं.

"मान पाह्य, मान! शंकरपटाच्या शर्यतीतला बैल दिसते का नाई?"

काकूंनी एकदा दिवाळीच्या भांड्यांबरोबर तिबेरलाही चिंच लावायला घेतली. बाबारावजी दिवसभर जेवले नाहीत. "दोन हजार वर्षांचा मळ हाये थो! मळ नाई, इज्जत हाये!"

गेल्या वर्षी माझी बहीण माहेरी आली होती. तिनं दर्शन घेतलं आणि नाणं सहज उलटं केलं. मागे खुर्चीवर बसलेली एक बाई. एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी.

"काका, हे कोण जी?"

"त्याची माय. जाणकार तसंच म्हणतात."

"मायले नाण्यावर बसवलं? गुणाचा होता म्हणा राजा. तुमच्या मायचा फोटो नाई दिसत कुठी?"

"काढलाच नाई कोणी," बाबारावजी म्हणाले आणि डबी मिटून आत गेले. त्या दिवशी आम्हाला चहा काकूंनीच दिला.

आठवडाभरानं ते मला ओढून सोनाराकडे घेऊन गेले. तिबेर पुढे ठेवला, उलटा. "अशीच चांदीत माही माय पाह्यजे."

"चेहरा कसा होता जी?"

"माह्यावानी. फक्त चांगला."

"अन् हातात काय देऊ?"

"पऱ्हाटीची डहाळी. बोंडं फुटलेली. वडनेरात लोकाच्या वावरात जिंदगीभर कापूसच वेचला तिनं."

सोनारानं कागदावर बाई रेखाटायला घेतली. "मंग वाकलेली दाखवतो. वेचतानी."

"नाई!" बाबारावजींनी त्याची पेन्सिल धरली. मग हळूच म्हणाले, "लय वाकली थे. खुर्चीवर बसवजो तिले."

सोनारानं तशीच घडवली. पाठ ताठ, मान वर.