भाड्याची शांतता

"आई, मी फोनवर बोलतोय!" हे सांगताना सल्लागारांचा आवाज इतका चढला की पलीकडच्या गिऱ्हाइकाने घाबरून फोनच ठेवून दिला. आता गंमत अशी, की सल्लागारांचा धंदाच मुळी आवाज कमी करण्याचा. भिंतीला काय लावावं, छताला काय लटकवावं, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येत नाही, हे ते लोकांना फी घेऊन सांगत. आणि सांगत कुठून? तर घरच्या डायनिंग टेबलावरून. एका हाताला मिक्सर, दुसऱ्या हाताला टीव्ही आणि मध्ये आई. मावशी लांब राहते, तेव्हा तिच्याशी फोनवर मोठ्यानेच बोलावं लागतं, अशी आईंची ठाम समजूत होती.

"बस झालं! मी ऑफिस घेतोय," सल्लागारांनी जाहीर केलं.

"घ्या की," बायको म्हणाली. "कोण अडवतंय?"

"अगं, डॉक्टरबाई नवं प्रसूतिगृह बांधतायत. सगळ्या इमारतीचं आवाजाचं काम आहे. एवढं एक काम मिळालं ना, तर माणसांत जमा होईन मी. त्या फोनवर म्हणाल्या, तुमच्या ऑफिसात येऊन भेटते. काय सांगू त्यांना? फ्रिजच्या शेजारी या?"

"मग काय सांगितलंत?"

"शहराच्या मध्यभागी ऑफिस आहे, कित्येक वर्षांपासून, असं सांगितलं."

"छान. म्हणजे थाप आधी, ऑफिस नंतर. आणि काम नाहीच मिळालं तर?"

"तर या घरातल्या आवाजाबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही!"

"हे जरा आईंसमोर म्हणा."

सल्लागारांनी आईंसमोर म्हटलं. ते नीट ऐकू यावं म्हणून आईंनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला. घराच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

ऑफिस शोधायला वेळ लागला नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, 'शहराच्या हृदयात, चैतन्याने सळसळणाऱ्या वस्तीत, लवचिक ऑफिस.' दुसरा कोणी असता तर चार खुर्च्या बघून परत आला असता. पण सल्लागार पडले तज्ज्ञ. ते आपलं आवाज मोजायचं यंत्र घेऊन गेले. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीशी यंत्र धरून त्यांनी आकडे टिपले, आणि आकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. इतकी शांतता त्यांनी शहरात कधी मोजलीच नव्हती. तिथल्या तिथे त्यांनी सही ठोकली. तो दिवस त्या वस्तीच्या साप्ताहिक सुट्टीचा होता, एवढी एकच फालतू गोष्ट यंत्र दाखवत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दारावरची नावाची पितळी पाटी स्क्रू काढून उतरवली आणि बॅगेत घातली. ऑफिस तिकडे तर पाटीही तिकडे.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या ऐटीत ऑफिसात पोचले, आणि वस्तीचं चैतन्य सळसळायला लागलं. तळमजल्यावर पत्र्याच्या पेट्या ठोकणारे सख्खे भाऊ होते. ते एकमेकांशी बोलत नसत, फक्त ठोकत. वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास होता. समोर पक्ष्यांचं दुकान, आणि शेजारच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने असा काही फुत्कारायचा की सल्लागारांच्या हातातलं पेन उडायचं.

"हे काय आहे?" त्यांनी तिथल्या मॅनेजरबाईंना विचारलं. त्या विशीतल्या, कायम प्रसन्न, आणि तक्रार ऐकली की जास्तच प्रसन्न.

"सर, ही इथली एनर्जी आहे! लोक खास यासाठी येतात."

"मला एनर्जी नकोय हो, मला शांतता हवीय."

"मग फोनची पेटी आहे ना! पूर्ण साउंडप्रूफ." ती काचेची पेटी एका माणसापुरती होती, आणि त्या माणसाची जागा एका गृहस्थांनी कायमची धरली होती. ते आत उभे राहून बायकोच्या वकिलाशी घटस्फोटाचं बोलत. बोलणी काही संपत नव्हती.

"बरं, माझी पाटी कुठे लावू?"

"सर, पाटी नाही लावता येणार. टेबल रोज बदलतं. लवचिक आहे ना!"

त्यामुळे सल्लागार रोज सकाळी बॅगेतून पाटी काढून जे टेबल मिळेल त्याच्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवत, आणि संध्याकाळी परत बॅगेत घालत. कानात बोळे घालून लोकांना शांततेचे सल्ले देत. डॉक्टरबाई बांधकामात अडकल्यामुळे भेट महिन्याभराने ठरली होती, तेवढाच काय तो दिलासा.

घरी मात्र ते ब्र काढत नव्हते. "कसं आहे ऑफिस?" बायको विचारी. "स्वर्ग!" ते सांगत. बायकोही खूश दिसे. इतकी की सकाळी डबा हातात देऊन त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढी आणि वर विचारी, "आज उशीर होईल ना? होऊ दे हो, निवांत या." आई हल्ली कुजबुजत बोलत. घसा बसला असेल, असं सल्लागारांना वाटलं. कपाटात नवे कपही आले होते. घर मोजून मापून बघणाऱ्या माणसाला यातलं काही म्हणजे काही खटकलं नाही.

अखेर भेटीचा दिवस उजाडला. सल्लागारांनी मीटिंगची खोली आधीच राखून ठेवली होती. पण खोलीही लवचिक निघाली. तिथे कुठल्याशा कंपनीचे लोक संघभावना वाढवण्यासाठी फुगे फोडत होते. मॅनेजरबाईंनी प्रसन्न होऊन सल्लागारांना नाचाच्या क्लासच्या बरोबर खालचं टेबल दिलं.

डॉक्टरबाई आल्या, बसल्या, आणि नकाशा उलगडताच वर नाचाचा क्लास सुरू झाला. छताची माती नकाशावर पडली.

"हे तुमचं ऑफिस?" डॉक्टरबाई ओरडल्या.

"हो!" सल्लागार ओरडले. आणि मग, बुडत्याला काडी सापडावी तशी, त्यांना कल्पना सुचली. "मुद्दाम घेतलंय! प्रयोगशाळा म्हणून! जिथे जास्त आवाज, तिथेच अभ्यास!"

"अस्सं! मग करा प्रयोग!"

"म्हणजे?"

"म्हणजे थांबवा हे!"

सल्लागारांनी वर बघितलं, खाली बघितलं. खालचे भाऊ नेमके त्या दिवशी जोशात होते. कॉम्प्रेसर फुत्कारला. डॉक्टरबाईंनी पर्समधून कापूस काढला, स्वतःच्या कानात घातला आणि नकाशा गुंडाळायला घेतला. काम गेलं, हे सल्लागारांना स्पष्ट दिसलं.

पण डॉक्टरबाई होत्या भल्या. "चला," त्या म्हणाल्या. "तुमचं म्हणणं तरी ऐकून घेते. मला एक शांत जागा माहीत आहे. माझ्या घराजवळच आहे. एक बाई आपलं टेबल तासांवर देतात. गेले काही दिवस मी नकाशे घेऊन तिथेच बसते. चहासुद्धा छान असतो."

गाडी निघाली. पहिल्या वळणावर सल्लागार खिडकीबाहेर बघून हसले. ओळखीचा रस्ता होता. दुसऱ्या वळणावर त्यांचं हसू कमी झालं. गाडी त्यांच्याच इमारतीसमोर थांबली तेव्हा त्यांना घाम फुटला होता. बोलावं तर कित्येक वर्षांच्या ऑफिसची थाप उघडी पडणार. ते मुकाट्याने लिफ्टमध्ये शिरले. मजल्याचं बटण डॉक्टरबाईंनीच दाबलं.

दार आईंनी उघडलं. मुलाला बघून त्या दचकल्या, पण लगेच ओठांवर बोट ठेवून कुजबुजल्या, "चपला बाहेर. मोबाइल बंद."

आतून बायको आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि क्षणभरही न अडखळता म्हणाली, "या ना डॉक्टर. हे नवीन मेंबर का?"

"हे आवाजाचे तज्ज्ञ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वहिनी, यांना जरा तुमची शांतता दाखवायची होती."

"दाखवते ना. बॅग खाली ठेवा, साहेब. जपून हं, आवाज करू नका."

साहेब बॅग ठेवायला घाईघाईने वाकले. बॅग सुटली आणि पितळी पाटी ठण्णकन फरशीवर पडली. आतल्या खुर्चीवर बसून कसलेसे पेपर तपासणाऱ्या मास्तरांनी मान वर करून "शू!" केलं. डॉक्टरबाईंनी पाटी उचलली, वाचली. मग उघड्या दाराकडे त्यांची नजर गेली. दारावर एक फिकट चौकोन होता, चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं. त्यांनी पाटी त्या चौकोनावर धरली. तंतोतंत बसली.

"कित्येक वर्षांचं ऑफिस म्हणालात, ते हे होय!" आणि त्या हसायला लागल्या. मास्तरांनी पुन्हा "शू!" केलं. "अहो, मग आधी नाही का बोलायचं? ही सगळी शांतता तुम्ही केलीत?"

सल्लागारांनी "हो" म्हणायला तोंड उघडलं, पण आई आडव्या आल्या. "हा कसली करतोय? हा होता तेव्हा घराचा नुसता बाजार होता. सूनबाईने केलं सगळं. खुर्च्यांच्या पायांना जुन्या गोधडीचे तुकडे, मिक्सरखाली टॉवेल, आणि मला म्हणाली, टेबलावर डॉक्टर बसतात. डॉक्टर बसल्यावर कोण ओरडेल?"

"यांनीच लोकांना फोनवर सांगितलेलं ऐकलं होतं," बायको म्हणाली. "घरात करायला तेवढी सवड नव्हती यांना."

डॉक्टरबाईंनी नकाशा टेबलावर पसरला. "काम तुम्हालाच देते. पण एक अट. भिंतींचं तुम्ही बघा. पेशंटच्या नातेवाइकांना गप्प कसं बसवायचं, ते वहिनी बघतील. आवाज भिंती करत नाहीत हो."

संध्याकाळ झाली, मास्तर गेले, डॉक्टरबाई गेल्या. सल्लागारांनी छाती फुगवून पाटी परत दारावर लावायला घेतली. "बघितलंस? मिळालं काम! पैज मी जिंकलो."

"जिंकलात? कुठल्या ऑफिसमुळे मिळालं?" बायकोने विचारलं.

सल्लागार विचार करायला लागले. तोवर दिवसभराचं मौन संपवून आईंनी टीव्ही लावला आणि मावशीला फोन जोडला. "अगं, ऐकू येतंय का? आमच्याकडे आज काय गंमत झाली!" टॉवेल काढून बायकोने मिक्सर सुरू केला. सल्लागारांनी हातातला स्क्रूड्रायव्हर आपटला आणि "अरे, काय चाल..." एवढं ते म्हणाले. बायकोने मिक्सर थांबवला. आईंनीही फोन छातीशी धरला, टीव्हीचा आवाज कमी केला आणि दोघी मोठ्या उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"काही नाही," सल्लागार म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर उचलून उरलेला स्क्रू पिळायला लागले.