दारात बसलेलं घर

पुठ्ठ्याचं घर आणि दाराची चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटभर फट राहील, असं बाईंनी मोजून ठेवलं होतं. बाई कॉलेजात जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवत. त्यांतल्याच एका कादंबरीतलं हे टोलेजंग घर त्यांनी वर्गात दाखवायला बनवलं होतं: जिने, माळा, कुलूपबंद खोली, सगळं. माणसांनी तोंड उघडायच्या आधी घर त्यांच्याविषयी बोलतं, कुणाला कुठली जागा दिलीय एवढंच बघा, हा बाईंचा आवडता मुद्दा.

घराच्या इवल्या खिडक्या सासऱ्यांनी कापल्या होत्या. चार दिवसांसाठी म्हणून आलेले सासरे दोन वर्षं बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपत होते. त्यांच्या खोलीचा विषय निघाला की घरात ‘बघू पुढे’ असं ठरे.

काल दुपारी त्यांनी घराच्या दोन्ही अंगांना व्हरांडा चिकटवला. तो मोजमापात नव्हता. आज सकाळी कॉलेजात न्यायला म्हणून नवऱ्याने बाहेरून ओढलं, बाईंनी आतून ढकललं आणि घर दारात घट्ट बसलं. नवरा बाहेर, त्याचे बूट आत.

“बाबा, व्हरांडा कशाला?”

“अगं, आलेला माणूस एकदम आत कसा घुसेल? जरा टेकायला नको?” मग ते हळूच म्हणाले, “काप हवा तर.”

बाईंनी कात्री उचलली. रोज संध्याकाळी चष्मा पुसत खिडक्या कापणारे ते हात त्यांना आठवले. कात्री खाली ठेवून त्यांनी वर्गच घरी बोलावला.

मुलं स्वयंपाकघराच्या दाराने आली, दाटीवाटीने बसली. शिकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, आता कुठलंही घर वाचून दाखवा. पुढे बसलेल्या मुलीने इकडेतिकडे पाहिलं.

“या घरात एक पाहुणे आहेत, मॅडम. बॅग सोफ्यामागे, भरलेलीच. औषधं खिडकीत, म्हणजे कपाट मिळालेलं नाही. कालच आले असतील.”

सासरे एकदम व्हरांड्याचा खांब नीट करू लागले. बाहेर घर धरून उभ्या नवऱ्याचं डोकं पुठ्ठ्याच्या छपरावरून दिसत होतं, तेही खाली गेलं.

“आणि ती बंद खोली?” सोफ्यासमोरच्या बंद दाराकडे बोट दाखवत मागून कुणीतरी विचारलं.

“माझी. अभ्यासाची,” बाई म्हणाल्या. वर्गाने ते लिहून घेतलं.

बाई उठल्या. सोफ्यामागची बॅग त्यांनी स्वतः उचलली.

“बाबा, ती खोली आजपासून तुमची. माझी पुस्तकं राहतील तुमच्या व्हरांड्यात.”