जे दिसते ते लिही

वेबसाइट या विषयात आता मला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी आईला सांगितलं तेव्हा आमचं शिबिर सुरू होऊन आठवडा झाला होता. आई म्हणाली, "मंग रिकामा हाय ना? सिलेंडर लाव." या घरात विद्वत्तेची कदर कधीच झाली नाही!

शिबिर अमरावतीतल्या आमच्या कॉलेजातलं. आम्ही 'विद्यार्थी शिक्षक'. म्हणजे सकाळी वेबसाइट बनवायला शिकायचं आणि दुपारी तेच दुसऱ्यांना जन्मापासून येत असल्यासारखं शिकवायचं. वेबसाइट नुसती बनवून भागत नाही, ती सगळ्यांना वापरता आली पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याला, ज्याला ऐकू येत नाही त्याला, ज्याचा हात थरथरतो त्यालाही. याला डिजिटल सुगम्यता म्हणतात. मला हे पटलं, कारण शब्द भारी होता.

माझी जोडीदार रागिणी, अकोल्याची. तिला जन्मापासून दिसत नाही आणि माझं काहीही तिच्यापासून लपत नाही. तिच्या फोनात स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारी बाई म्हणा ना! आवाज बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा. पूर आला काय आणि लग्न लागलं काय, बाईचा सूर तोच.

"फोटो त्या बाईले दिसत नाई," रागिणीनं मला समजावलं. "म्हणून फोटोमागं वर्णन लिहायचं. डोळेवाल्याले ते दिसत नाई, ऐकणाऱ्याले ऐकू येते."

"लिहायचं काय पण?"

"जे दिसते ते लिही. आन् वेलबुट्टी, किनार असं नुसतं शोभेचं काई असन, तर वर्णन रिकामं सोड. बाई त्याले ओलांडून पुढं जाते. कायले लोकाइचा टाइम खायचा?"

मी मान डोलावली.

"नुसती मान हलवू नको बे, लिहून घे," ती म्हणाली. तिला कसं कळतं, ते मी विचारायचं सोडून दिलं आहे.

पहिलं काम मामांनी दिलं. भगवंतराव मामा मोर्शीचे, संत्र्याची बाग, आवाज बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते अध्यक्ष. अध्यक्षपद त्यांनी एकाच कारणासाठी घेतलं होतं. ते कारण म्हणजे त्यांचा मुलगा, आमचा किशोरदादा. दादा बाग सांभाळतो, शब्द जपून वापरतो आणि त्याच्या डोक्यावरचे केस त्याला लवकर सोडून गेले. प्रत्येक मेळाव्यात मुलीकडचे लोक त्याच्या कपाळाकडे पाहायचे, मग कपाळ संपण्याची वाट पाहायचे आणि मग उपमा खायला जायचे.

यंदा मामांनी नागपूरहून विग आणला.

"औंदा जमलंच पायजे," मामा म्हणाले. "नाई जमलं तर मी अध्यक्षपद सोडतो आन् किशोर्‍या, तू मले तोंड दाखवू नको!"

"बाबा, पण हे गरम होते," किशोरदादा म्हणाला. तेवढंच म्हणाला.

छापील पुस्तिकेऐवजी यंदा वेबसाइट असावी, असं ठरलं. भाच्याच्या हाती काम आलं. बागेत दादाचा फोटो काढला. अंगात मित्राचा कोट. फोटोग्राफर मागे सरकत होता आणि त्याच्या टाचेखाली शेळीचं पिल्लू येणार होतं, ते दादानं पटकन उचललं. नेमका तेवढाच फोटो मामांना पसंत पडला, कारण तेवढ्याच फोटोत विग सरळ होता.

बाकी उमेदवारांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले. काय ते फोटो! बार्शीटाकळीचा एक मुलगा बर्फाळ डोंगरासमोर उभा, अंगात हाफ शर्ट. एकाच्या मागे बुलेट, तिच्या आरशात बुलेटचा खरा मालक चिडून पाहतो आहे.

मी प्रत्येक फोटोमागं 'फोटो' असं लिहिलं आणि काम संपवलं. रागिणीनं ऐकलं.

"फोटो, फोटो, फोटो, फोटो... हे काय बे? कोंबड्या बोलावून राहिला काय?"

"लिहिलं ना जे आहे ते!"

"जे दिसते ते लिही म्हटलं होतं. कोणाले दिसते 'फोटो'?"

माझा अपमान झाला. मेळाव्यासाठी अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत बसलो आणि ठरवलं, आता हिला दाखवतोच. जे दिसतं ते लिहिलं. अगदी सगळं! मूर्तिजापूर येईपर्यंत मला इतका चेव चढला की शेजारचे आजोबा माझ्या फोनमध्ये वाकून वाचत होते आणि "खालचा कोण हाये?" म्हणून विचारत होते. डोक्यात हिशेब असा की, हे फक्त रागिणी ऐकणार. ती हसेल, मग मी सगळं पुसून सभ्य वर्णनं लिहीन.

अकोल्यात तिला म्हटलं, "आता ऐकून घे."

"तू विद्यार्थी शिक्षक ना बे? तूच तपास. मले मेळाव्यातलं भाषण पाठ करायचं हाये."

मामांनी वेबसाइट डोळ्यांनी तपासली. वर्णनं डोळ्यांना दिसत नाहीत. "झकास!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत माझ्या डोक्यातलं 'पुसायचं आहे' हे वाक्य बाहेर पडलं असावं.

मेळावा अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात. हॉल गच्च भरलेला. स्टेजवर मोठा पडदा, दोन्ही बाजूंना लग्नातले ते छातीत धडधडणारे भोंगे. रागिणीचा फोन पडद्याला आणि भोंग्यांना जोडला. ती माइकवर म्हणाली, "ही वेबसाइट ज्याले दिसत नाई त्यालेही वापरता येते. ऐका." फोन बोलला, "मुख्य पान. मेळाव्यात आपले स्वागत आहे." टाळ्या! मामांची छाती कोटाबाहेर आली.

इथे माणिकमामींना रागिणीची दया आली. मामी प्रेमळ आहेत, एवढाच त्यांचा दोष.

"झालं ना वं तुयं? चाल, दोन घास खाऊन घे."

"मामी, मले अजून दाखवायचं—"

"लाजू नको, माय! कशी सुकली पोरगी!"

रागिणीला लोक असेच मदत करतात. ज्या रस्त्याच्या पलीकडे तिला जायचंच नसतं, तिथे तिला किती वेळा पोचवलंय म्हणून सांगू! मामींनी तिचा दंड धरला. जाता जाता ती माझ्या हातात फोन देऊन म्हणाली, "मी येतोच. कशाले हात लावू नको."

"उमेदवार दाखव!" मामा गरजले.

मी हात लावला.

स्क्रीन रीडर चालू असला की फोन नेहमीसारखा चालत नाही. एकदा बोट लावलं की बोटाखालचं उघडत नाही, फोन ते नुसतं वाचून दाखवतो. हे शिबिरात शिकवलं होतं. त्या तासाला मी मागच्या बाकावर दुसऱ्यांना वेबसाइट शिकवत होतो.

मी बार्शीटाकळीवर बोट ठेवलं. बाई त्याच थंड सुरात बोलल्या, भोंग्यातून, सगळ्या हॉलला.

"हाफ शर्टातला मुलगा. मागे बर्फ. बर्फ कापडाचा आहे, कोपऱ्यात खिळा दिसतो."

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

मी घाबरून बोट सरकवलं. सरकवलं की बाई पुढच्या फोटोवर जातात!

"मुलगा बुलेटला टेकला आहे. बुलेट त्याची नाही. ज्याची आहे तो आरशात आहे."

"कोणं लिवलं बे हे?" तिसऱ्या रांगेतून एक बाप उठला.

"मुलगी. ओठ हसत आहेत, डोळे फोटोग्राफरला शिव्या देत आहेत."

"हे बरोबर हाये!" ती मुलगीच ओरडली. तिच्या आईनं तिला खाली बसवलं.

"बंद कर!" मामा. "अबे बंद कर ना!"

"मामा, ते बंद नाही होत!"

"तू शिक्षक हायस ना?"

"विद्यार्थी शिक्षक!"

मी फोनमधून भोंग्याची वायर उपटली. निवेदकानं मदत म्हणून माइक फोनजवळ आणून काय बिघडलं ते पाहिलं. आता बाई आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. माझं बोट घामानं निसटलं आणि पुढचा फोटो आला. पडद्यावर संत्र्याची बाग. त्यामागचं वर्णन मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"किशोरदादा," बाई म्हणाल्या. "अंगात दुसऱ्याचा कोट, बाह्या बोटांपर्यंत. डोक्यावरचे केस डोक्याचे नाहीत."

मामा खुर्चीत बसले. बसले म्हणजे, खुर्ची तिथे होती हे नशीब.

"हातात शेळीचं पिल्लू. पिल्लानं कोटाचं बटण तोंडात धरलं आहे. किशोरदादा कॅमेऱ्याकडे पाहत नाही. बटण पिल्लाच्या घशात जाऊ नये म्हणून बोटानं हळूच सोडवतो आहे. हसतो आहे. हे हसू फोटोसाठी नाही."

कोणी हसलं नाही. किशोरदादा पहिल्या रांगेतून उठला. दादानं विग काढला, घडी घातली (विगची घडी होते हे मला तेव्हा कळलं) आणि खिशात ठेवला. "गरम होते," तो म्हणाला.

आता मामा मला मारणार, हे ठरलेलं होतं. फक्त कशानं, एवढंच बाकी होतं.

"थांबा!" मधल्या रांगेतून आवाज आला. "तो शेवटचा पुन्हा वाचा."

शेषराव काका. धामणगाव रेल्वेचे धान्याचे अडते, गॉगल घातलेले. शेजारी त्यांची मुलगी सीमा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सीमानं आजवरचे सगळे मेळावे नुसत्या उपम्यावर काढले होते.

"काका, माफ करा, चुकून—"

"अबे वाच म्हटलं ना!"

मी वाचायला गेलो आणि अर्थातच बाई बर्फावर गेल्या. तेवढ्यात रागिणी आली, हातात उपम्याची प्लेट घेऊन. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, एका बोटानं बरोबर दादावर नेला आणि उपमा खात उभी राहिली. बाईंनी दादा पुन्हा पहिल्यापासून वाचला. केसांसकट.

शेषराव काकांनी गॉगल काढला. "काचबिंदूनं डोळे गेले माये," ते म्हणाले. "तेवापासून हरेक मेळाव्याले येतो. पोट्टं कसं हाये इचारलं का सारे सांगतात, गोरं हाये, उंच हाये, हसतमुख हाये. सारे एकाच साच्यातले! आज पयल्यांदा मले पोट्टं दिसलं." मग मुलीकडे वळले. "सीमा, बरोबर लिवलं का वं यानं?"

सीमानं पडद्याकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"टकलाचं थोडं कमी लिवलं, बाबा. बाकी बरोबर हाये."

किशोरदादा हसला. तेच हसू. मी लगेच पडद्याशी ताडून पाहिलं.

"अन् ते बटण?" सीमानं त्याला विचारलं.

"सोडवलं ना," दादा म्हणाला. "पण कोट वापस द्याचा होता, अन् त्यानं दुसरं बटण खाल्लं."

हॉल असा हसला की भोंगे नसले तरी चाललं असतं. मामा अजून बसलेलेच होते, पण आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचं खापर ते विगच्या खर्चावर फोडत होते.

बार्शीटाकळीच्या बापानं मात्र मला कार्यालयाच्या फाटकापर्यंत पळवलं. परत आलो तर तोच बाप रागिणीपुढे उभा. "बाई, आमच्या पोराचंबी नीट लिवा ना. तो बर्फ सोडा. त्याले विहीर बांधता येते." मग रांगच लागली! कोणाचा मुलगा आईच्या पायाला तेल लावतो, कोणाची मुलगी ट्रॅक्टर शिकली. रागिणी विचारत होती, मी टाइप करत होतो, आणि पहिल्यांदाच मी तिला मधे एकदाही अडवलं नाही.

लग्न मोर्शीला झालं. मामांनी माझा दुपट्टा, टोपी, नारळ देऊन सत्कार केला. दादानं स्वतःहून पाच-सहा वाक्यं बोलून माझे आभार मानले. त्याच्या हिशेबानं ते भाषणच झालं. खरं तर आभार मीच मानायला हवेत. रागिणीचे, जिनं मला 'फोटो' लिहू दिलं नाही. शेषराव काकांचे, ज्यांनी "थांबा" म्हटलं, नाहीतर आज मी हे प्लास्टर घालून लिहिलं असतं. माणिकमामींच्या उपम्याचे. आणि त्या पिल्लाचे, जे आता मोठं झालंय आणि सीमावहिनींच्या पदराकडे त्याच नजरेनं पाहतं.

आता वेबसाइटवर 'आमचे विद्यार्थी शिक्षक' असं पान आहे. ते रागिणीनं बनवलं. त्यातलं तिच्या फोटोचं वर्णन मात्र मी लिहिलं. परवा मी फोनवर बाई चालू केल्या, आता मला त्या चालवता येतात, आणि पान ऐकलं.

"रागिणी. हातात उपम्याची प्लेट. हसते आहे, बहुतेक शेजारच्यावर."

शेजारचा मी. बोट पुढे सरकवलं.

"संपर्क," बाई म्हणाल्या.

मागे गेलो. "रागिणी." पुढे गेलो. "संपर्क." मधे माझा फोटो चांगला हाताएवढा मोठा दिसत होता, आणि बाई त्याला ओलांडून जात होत्या!

रागिणीला फोन लावला. "माझं वर्णन लिहायचं विसरलीस का?"

"विसरली नाई बे. विचार करूनच रिकामं ठेवलं."

मी ही गोष्ट अभिमानानं आईला सांगितली. म्हटलं, "आई, सुगम्यतेच्या नियमानुसार मी शोभेचा आहे!"

आईनं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"शोभेचा कुठून दिसला तिले?" ती म्हणाली. "जा, सिलेंडर संपलं."