अण्णा आमटीला चांगली म्हणाले

वाबळेकाकांच्या हातचं खाऊन जो माणूस "छान झालंय" म्हणतो, त्याची धडगत नसते. दुसरा कुणी स्वयंपाकी एवढ्यावर खूश होऊन पुढच्या कामाला लागला असता. काका खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत समोर येऊन बसतात आणि फौजदाराच्या सुरात विचारतात, "ते ऱ्हाऊ द्या. काय कमी हाय, ते सांगा."

"काही कमी नाही, काका."

"आसं कसं? खाल्लं तरी का तुमी?"

शेवटी सुटका करून घ्यायला माणूस काहीतरी पुटपुटतो. मीठ जरा पुढे आलंय, भात किंचित गिचका झालाय. की लगेच काकांचा चेहरा खुलतो. "आता कसं बोललात!" म्हणत ते उठतात.

आमचं हॉस्पिटल राहुरीत आहे. काका तिथल्या स्वयंपाकघराचे प्रमुख आणि मी आहारतज्ज्ञ. कुणाला काय द्यायचं ते मी ठरवते. बिनमिठाचं वरण, बिनतेलाची भाजी, बिनसाखरेची खीर. माझे पदार्थ नुसते ऐकूनच पेशंटची भूक मरते, ती परत आणायची जबाबदारी काकांची. जेवणं वाटून झाली की ते वॉर्डातून फिरतात आणि प्रत्येक खाटेशी थांबून "काय कमी हाय?" विचारतात. नवे पेशंट त्यांना डॉक्टर समजतात आणि गुडघ्याची कळ सांगू लागतात. काका म्हणतात, "ते डॉक्टरला सांगा. माझ्याशी आमटीचं बोला."

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवून उठताना त्यांनी सासूबाईंच्या पुरणपोळीला चार नावं ठेवली. त्यांच्या हिशेबी हा पाहुण्याने यजमानिणीचा केलेला मोठा सन्मान होता. सासूबाई तेव्हापासून त्यांना "तो माणूस" म्हणतात.

अशा माणसाला त्याच्या तोडीचा माणूस भेटला तो पुरुषांच्या वॉर्डात. गवारेअण्णा. साखर कारखान्याचे निवृत्त मुकादम, न्यूमोनियाने दाखल झालेले. ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही त्यांनी पहिल्याच दिवशी आमटीत बोट बुडवलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारलं, "वाबळे, ही आमटी हाय का मुळा धरनाचं पानी?" काका हात जोडून उभे होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सत्कारच चाललाय. दुसऱ्या दिवशी आमटी दाट झाली. मग अण्णांना चपाती वातड लागली. ती मऊ झाली, तर भेंडी निबर. बाकीचे पेशंट जेवता जेवता या दोघांची जुगलबंदी ऐकत आणि दोन घास जास्त खात. माझ्या कुठल्याही आहार-सल्ल्याने एवढं काम केलेलं नाही.

अशातच ती परिषद आली. हॉस्पिटलांची स्वयंपाकघरं आणि पाहुणचार सांभाळणाऱ्या लोकांची दरवर्षी परिषद भरते, ती यंदा शिर्डीला होती. आमच्याकडे एकही तक्रार येत नाही, हे कुणीतरी तिकडे कळवलं होतं. आमची तक्रारपेटी रिकामीच असते, हे खरं. पण त्याचं कारण एवढंच, की पेटीत पडायच्या आधी काकाच सगळ्या तक्रारी तोंडातून काढून घेतात. तर 'तक्रारमुक्त स्वयंपाकघर' या विषयावर बोलायला आम्हाला निमंत्रण आलं. आमचे प्रमुख डॉक्टरसाहेब हरखले. "वाबळे बोलतील," म्हणाले, आणि वाबळ्यांना बोलतं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांची तालीम घेत होते. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर हसत आल्या.

"काका, पेढे द्या. गवारेअण्णा आज आमटीला चांगली म्हणाले!"

मी टाळ्या वाजवल्या. काकांच्या हातातला डाव हवेतच राहिला. "कोन म्हनलं?"

ते तसेच वॉर्डात गेले, मी मागोमाग. अण्णांचं ताट लख्ख होतं. त्यांनी तोंड पुसलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "चांगलं जेवन हाय, वाबळे."

"आमटी पातळ न्हवती?"

"न्हाई. झ्याक हुती."

काकांनी लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ताप नव्हता, छाती मोकळी होती. दोन दिवसांत घरी सोडायला हरकत नाही, असं ते म्हणाले. काकांना ते अजिबात पटलं नाही. मी हसत म्हटलं, "अहो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची आधीच गेली, बरंच झालं की!" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला जीभ चावावी लागली.

सकाळी डॉक्टरसाहेबांबरोबर हॉस्पिटलच्या गाडीतून निघालो. नगर-मनमाड रस्त्यावर धड बोलता येत नाही, खड्डे वाक्य पुरं करू देत नाहीत. मी भाषणाची उजळणी करून घेत होते आणि काका फोनकडे बघत होते. कोल्हारच्या पुलावर तो वाजला.

"सिस्टर, अण्णांचा नाष्टा झाला? पोहे खाल्ले?... काय म्हनले?" काकांनी फोन खाली ठेवला. "छान म्हनले," ते मला म्हणाले, आणि कुणाच्या मयताला निघाल्यासारखे बाहेर बघत बसले.

शिर्डीचं हॉटेल भपकेबाज होतं. दारात गळ्यात ओळखपत्रं अडकवली, हातात पिशव्या दिल्या. जेवण गरम ठेवणाऱ्या ढकलगाड्या, खणाखणांची ताटं, बटण दाबलं की सूप देणारं यंत्र, असं सगळं मांडलं होतं. एरवी काकांनी त्या यंत्राचं सूप चाखून मालकाला रडवलं असतं. पण आज चाखलं आणि कप तसाच ठेवला. यंत्रवाल्याने विचारलं, "कसं आहे?"

"बरं हाय," काका म्हणाले. तेव्हा मात्र मला काळजी वाटू लागली.

दुपारी आमची पाळी आली. पडद्यावर माझं पहिलं चित्र झळकलं, आमच्या रिकाम्या तक्रारपेटीचं. काकांनी मान वळवून ते पाहिलं आणि माईक दोन्ही हातांनी धरला.

"नमस्कार. आमच्याकडं तक्रार न्हाई," ते म्हणाले. "कालपासनं तर आजिबातच न्हाई."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी काका आणखी घाबरले. इतक्यात खिशातला फोन वाजला आणि त्यांनी तो माईकसमोरच उचलला.

"बोला, सिस्टर. जेवले का? सगळं?... भाजीला काय म्हनले?... आन् चपातीला?... आवो, काहीतरी म्हनले आसतील!"

सभागृह हसत होतं. हा सादरीकरणाचाच भाग आहे, असं समजून पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी व्हिडिओ सुरू केला. डॉक्टरसाहेबांचा चेहरा मात्र तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

"माफ करा," काका माईकमध्ये म्हणाले, "मला जायला पायजे." आणि पायऱ्या उतरून सरळ दाराकडे चालू लागले.

मला त्यांचा एवढा संताप आला होता, की बस स्टँडपर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढेच चालले. एसटीत शेजारी बसल्यावर मात्र सुटलेच. "काका, डॉक्टर सांगतात माणूस ठणठणीत आहे. एका आमटीसाठी सगळ्यांसमोर आमची शोभा केलीत!"

काकांनी पंचा मांडीवर घेतला. त्याचं टोक पिळत राहिले.

"आमच्या घरच्या लई नावं ठेवायच्या," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासनं. मी हाटेलात आचारी, लोकं माझ्या हातचं खायला लांबून यायची, आन् ही म्हनायची, तुमाला फोडनी कळत न्हाई. आजारी पडली तवा मीच करून घालायचो. तर रोज म्हनायची, चांगलं झालंय. मी खूश. म्हनलं, जमलं येकदाचं." त्यांनी पंच्याचं टोक सोडलं. "तिची चव गेल्ती, ताई. तिला कायबी लागत न्हवतं. माझं मन मोडू न्हाई म्हनून म्हनायची. आन् मी येडा, खूश."

माझा राग कुठल्या कुठे गेला. गाडी खड्ड्यातून उसळत होती आणि आता मलाच वाटत होतं, की ड्रायव्हरने जरा जोरात हाकावी.

पोचलो तेव्हा वॉर्डात संध्याकाळची ताटं नुकतीच आली होती. अण्णा उशीला टेकून मुकाट्याने घास चावत होते. काका खाटेशी जाऊन उभे राहिले.

"अण्णा, तुमाला चव लागती का?"

"लागती की."

"मग नावं का ठेवत न्हाई?"

अण्णांनी दाराकडे नजर टाकली. बाहेर कुणी नाही असं बघून त्यांनी आवाज उतरवला. "सूनबाईनं शपत घातलीय. म्हनली, लोकं तुमची एवढी सेवा करत्यात, जाताना तरी गोड बोला. घरी जाईस्तवर वंगाळ बोलायचं न्हाई."

काका खाटेच्या कडेवर मटकन बसले. "सोडली शपत," ते म्हणाले. "मी सोडली. बोला."

आणि अण्णा जे सुटले! कालची आमटी आंबट होती, पोहे म्हणजे निव्वळ भुसा होता, दुपारची चपाती नीट भाजलेली नव्हती, आणि आता ही दुधीची भाजी करणाऱ्याला तर दुधीच्याच वेलाला बांधून ठेवावं. काका मान हलवत होते, हसत होते आणि पंच्याने डोळे पुसत होते. मीही पदर डोळ्यांना लावला. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

अण्णांचा दम संपला. सिस्टरांनी पाणी दिलं. उद्या ते घरी जाणार होते.

"अण्णा," काका खाली बघत म्हणाले, "बरं वाटलं की येत जा मधनंमधनं. हितं न्हवं, माझ्या घरी. येकट्यापुरतं करतो. कसं झालंय, ते सांगायला कुनी न्हाई."

अण्णांनी ताटातला उरलेला घास उचलला, सावकाश चावला, गिळला. मग ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं,

"घर कुठशी हाय तुझं?"