कवडीची निम्मी शक्यता

एका जंगलात, मुलांनो, न्याय फार होता. सिंहमहाराजांना रोज एक प्राणी लागे आणि तो कोणी द्यायचा हे कवडी टाकून ठरे. कवडी उताणी पडली तर हरणांनी, पालथी पडली तर सशांनी. कवडी टाकायचे काम माकडाकडे होते, कारण ते कोणाच्याच नात्यातले नव्हते.

चिमाबाई सशिणीचे सासरे गेले, मग दीर गेले, मग नवरा गेला. आता कवडी पालथी पडली की तिच्या भुऱ्याची पाळी होती. भुऱ्या नुकता कुठे मागच्या पायांवर उभा राहायला शिकला होता. चिमाबाईने कुठूनशी दुसरी एक कवडी मिळवली आणि दुपारभर अंगणात टाकत बसली. ऊन कलायच्या आत ती साळिंदर मास्तरांकडे पोचली. जंगलात गणित तेवढे त्यांनाच येत होते.

"मास्तर, कवडी सारखी पालथीच पडते हो!"

"बाई, कवडीला बाजू किती?"

"दोन."

"मग पालथी पडण्याची शक्यता किती?"

"ते मला नाही ठाऊक. पण तिचं पोट सपाट आहे नि पाठ फुगीर. ती पोटावरच बसते. मी दुपारभर टाकून बघितली."

मास्तर हसले. अंगावरचा एक काटा उपटून त्यांनी मातीत लिहून दाखवले, की दोनातली एक बाजू म्हणजे निम्मी शक्यता.

"अन् मी डोळ्यांनी पाहिलं ते?"

"तो प्रयोग. प्रयोग थोडा असला की असं होतं. खूप वेळा टाकली की येईल बरोबर निम्म्यावर."

"मग चला, आत्ता टाकू खूप वेळा!"

"छे, छे! अंगणातला प्रयोग ग्राह्य धरत नाहीत. प्रयोग दरबारात, महाराजांसमोर, रोज एकदा."

हरणांच्या पुढाऱ्याने या प्रयोगाला जाहीर पाठिंबा दिला. हरणांना शास्त्राबद्दल पहिल्यापासूनच आदर होता.

त्या संध्याकाळी कवडी पालथी पडली. भुऱ्या गेला. चिमाबाई ऊर बडवून रडली. मास्तरांचेही डोळे पाणावले. मग त्यांनी मातीत एक रेघ ओढली.

प्रयोग नेटाने चालला. अधूनमधून एखादे हरीण जाई, तेव्हा बाकीची हरणे म्हणत, "बघा, येतंय निम्म्यावर!"

शेवटी रेघा पुरेशा झाल्या. मास्तरांनी सभा बोलावली आणि मोठ्या मनाने मान्य केले, की चिमाबाईंचे म्हणणे खरे होते. या कवडीला निम्म्याचा हिशेब लागू नाही. चिमाबाईला शाल पांघरली गेली. टाळ्या हरणांनीच वाजवल्या, कारण तिच्याखेरीज ससा म्हणून कोणी उरला नव्हता.

"मग आता तरी कवडी बदला," चिमाबाई म्हणाली.

"बदला?" मास्तर दचकले. "अहो बाई, एवढ्या कष्टाने आत्ता कुठे तिचा स्वभाव कळलाय!"

एवढ्यात संध्याकाळ झाली. माकडाने कवडी टाकली. कोणी वाकूनसुद्धा पाहिले नाही. महाराजांनी आधी शाल काढून तिची नीट घडी घातली आणि मग ते जेवायला बसले.

तात्पर्य: मुलांनो, प्रयोग खूप वेळा केला की उत्तर हमखास बरोबर येते. फक्त ससे पुरले पाहिजेत.